चार लेन, एक पहिला

(प्रस्तावना)

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉन्कॉर्ड नावाचं शहर आहे. २०१० च्या मार्च महिन्यात तिथल्या झीमॅक्स ड्रॅगवेवर चार टॉप फ्युएल गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकेक गाडी म्हणजे लांबलचक नळ्यांचा सांगाडा, पुढे सायकलीला शोभतील अशी बारीक चाकं, मागे छातीपर्यंत येणारे टायर आणि ड्रायव्हरच्या पाठीशी सुमारे ८.२ लिटरचं इंजिन. इंधनात पेट्रोलचं नाव नाही, बहुतेक सगळं नायट्रोमिथेन. अशी एक गाडी सुटली तरी स्टँडमधल्या माणसाच्या बरगड्या हादरतात आणि धुराने डोळे चुरचुरतात. इथे तर चार एकदम सुटणार होत्या. त्या सुटल्या, चार-पाच सेकंदांत सगळं आटोपलं आणि चार गाड्या एकदम पळवणारी पहिली राष्ट्रीय स्पर्धा म्हणून तिची नोंद झाली.

या वाक्यातला 'पहिली' हा शब्द या पुस्तकाचा विषय आहे. गाड्या, इंजिनं, टायर, अपघात हे सगळं पुढच्या प्रकरणांत येईल, पण येईल ते या शब्दाच्या मागून. ड्रॅग रेसिंगचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं, की या खेळात शर्यती जितक्या झाल्या असतील त्याहून जास्त वाद 'सर्वांत आधी कोण' यावर झाले आहेत. पहिली ड्रॅग स्ट्रिप कुठली, ताशी २०० मैल पहिल्यांदा कोणी गाठले, सहा सेकंदांच्या आत पहिला कोण आला, आणि तीन-चार गाड्या एकदम पळवायला सुरुवात कोणी केली? प्रत्येक प्रश्नाला निदान दोन उत्तरं आहेत, आणि दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर येऊन बोलतात. सुरुवातीला मला याचा वैताग आला. नंतर वाटू लागलं, की खेळ समजून घ्यायचा असेल तर आत शिरायचा दरवाजा हाच आहे.

मराठी वाचकाला ड्रॅग रेसिंग नव्याने समजावण्याची फारशी गरज नाही. लाल सिग्नलला दोन मोटरसायकली शेजारी उभ्या असतात, दोघेही उगाच अॅक्सिलरेटर पिळतात, हिरवा पडतो, आणि पुढच्या चौकापर्यंत कोण आधी जातो ते बघायला पानटपरीवरची माणसं माना वळवतात. खेळाचा गाभा एवढाच. थांबलेल्या अवस्थेतून निघायचं, सरळ जायचं, वळायचं नाही. अंतर परंपरेने पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा साधारण ४०२ मीटर. घोड्यांच्या पाव मैलाच्या शर्यतींवरून ते आलं असं सांगतात. २००८ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला. त्यानंतर सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी, टॉप फ्युएल आणि फनी कारसाठी, हे अंतर १,००० फुटांवर आणलं गेलं.

यातली एक बारीक गोष्ट मात्र समजून घ्यावीच लागते, कारण पुढची निम्मी भांडणं तिच्यातून निघतात. गाडीचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. ते सुरू होतं पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर. दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात. समजा, एका ड्रायव्हरने निघायला ०.०५० सेकंद घेतले आणि त्याची गाडी ३.७२० सेकंदांत पोचली. दुसऱ्याला निघायला ०.०९० लागले, पण त्याची गाडी ३.७०० मध्ये पोचली. बेरीज करा: पहिल्याचे ३.७७०, दुसऱ्याचे ३.७९०. शर्यत पहिल्याने जिंकली, पण टायमिंग स्लिपवर वेगवान गाडी दुसऱ्याची. आता सांगा, 'पहिला' कोण? या खेळात हरलेला माणूसही हातात कागद घेऊन म्हणू शकतो की मीच वेगवान होतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

आता लेनकडे येऊ. दोन लेनच्या सरळ पट्ट्यावर दोन गाड्या, हेच ड्रॅग रेसिंगचं मूळ रूप असं आपण धरून चालतो. मग चार लेन म्हणजे नवी कल्पना, पैसेवाल्या आयोजकाचं खूळ. इतिहास मात्र उलट्या दिशेने चाललेला दिसतो. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्यांची पत्र्याची ओझी उतरवून त्या मोहावीच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर न्यायची. त्यात मुरॉक हे तळं सर्वांत प्रसिद्ध. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. मैलोन् मैल सपाट, कडक, भेगाळलेली जमीन. तिथे लेन नव्हत्या, कारण जागेला काठच नव्हता. गाड्यांचे वेग आधी एकेकट्याने मोजायचे, मग साधारण सारख्या वेगाच्या गाड्यांचे गट पाडायचे आणि एका गटातल्या पाच, सहा, कधी त्याहूनही जास्त गाड्या एकदम सोडायच्या.

त्या शर्यतींचं चित्र डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांत पुढच्या गाडीला स्वच्छ आकाश दिसतं. तिच्या मागे पांढऱ्या, पिठासारख्या धुळीची भिंत उभी राहते. दुसऱ्या गाडीतला ड्रायव्हर त्या भिंतीत ताशी शंभर मैलांनी शिरतो, आणि आपल्या डाव्या-उजव्या बाजूला कोण आहे हे त्याला आवाजावरून ओळखावं लागतं. पाय काढावा तर मागचा येऊन आदळेल, न काढावा तर पुढचा कुठे आहे हे माहीत नाही. माणसं मेली. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली तेव्हा या धुळवडीला शिस्त लावणं हे तिच्यापुढचं पहिलं काम होतं. हळूहळू शेजारी शेजारी पळणं बंद झालं आणि एका वेळी एक गाडी, तिच्यासमोर घड्याळ, अशी पद्धत रुळली. म्हणजे अनेक गाड्यांवरून एकीवर, आणि पुढे ड्रॅग स्ट्रिप आल्यावर एकीवरून दोनवर. 'चार लेन' ही गोष्ट शोधली गेली त्याच्या कितीतरी आधी ती सोडून दिली गेली होती.

चार लेनवाले यावर म्हणतील, तळ्यावर लेन कुठे होत्या? बरोबर आहे. लेन हवी तर पट्टा हवा, पट्टा हवा तर डांबर किंवा काँक्रीट हवं, आणि काँक्रीटचे लांब-रुंद पट्टे अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धाने दिले. युद्ध संपलं तेव्हा देशभर लष्करी धावपट्ट्या ओस पडलेल्या होत्या आणि गावोगावी घरी परतलेली, यंत्रांशी खेळलेली तरुण मुलं होती. ड्रॅग रेसिंगचा जन्म या दोन गोष्टींच्या भेटीतून झाला. धावपट्टी इतकी रुंद असते की तिच्यावर दोनच काय, चार गाड्याही सहज मावतात. म्हणून मला वाटतं, एखाद्या रविवारी दुपारी कोणा आयोजकाने गर्दीला खूश करायला तीन किंवा चार गाड्या एकदम सोडल्या असतील तर त्यात नवल नाही. पण तो 'शोध' ठरतो का? की नुसता पोरखेळ? ठरवायचं कोणी?

इथे पहिल्या ड्रॅग स्ट्रिपचा वाद आठवतो. बहुतेक पुस्तकांत तो मान सँटा ॲनाला दिलेला असतो. सी. जे. हार्ट, ज्यांना सगळे 'पॅपी' म्हणायचे, त्यांनी १९५० च्या उन्हाळ्यात ऑरेंज काउंटीच्या विमानतळावरच्या न वापरलेल्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू केल्या. प्रवेश ५० सेंट. (त्याच विमानतळाला आज जॉन वेन यांचं नाव आहे.) पण सुरुवातीचा दिवस कुठला? कुठे १९ जून लिहिलेलं सापडतं, कुठे २ जुलै. आणि त्याच्या सव्वा वर्ष आधी, १० एप्रिल १९४९ रोजी, सँटा बार्बराजवळच्या गोलीटाला फ्रॅन हर्नांडेझ आणि टॉम कॉब्ज यांच्यात ठरवून झालेली शर्यत होतीच. त्या दिवशी हर्नांडेझच्या १९३२ च्या फोर्डमध्ये नायट्रोमिथेन होतं आणि त्याने बाजी मारली. गोलीटावाले म्हणतात, संघटित ड्रॅग रेसिंग आमच्याकडे सुरू झालं. सँटा ॲनावाले म्हणतात, तुमची शर्यत झाली, आमची स्ट्रिप झाली. दर आठवड्याला, तिकीट लावून, वेळ मोजून. दोघेही बरोबर आहेत. फक्त दोघेही 'पहिला' या शब्दापुढे वेगवेगळी नामं जोडतात.

ताशी २०० मैलांचा वाद जास्त कडवट आहे. इलिनॉयमधल्या ऑल्टन इथे एप्रिल १९६० मध्ये ख्रिस कॅरॅमेसिनीस याच्या गाडीने ताशी २०४.५४ मैल वेग नोंदवला, म्हणजे ३२९ किलोमीटर. ग्रीक वंशाचा हा शिकागोचा माणूस पुढे वयाची ऐंशी ओलांडल्यावरही टॉप फ्युएल चालवत होता. पण अधिकृत पहिले २०० मैल नोंदले गेले ते डॉन गार्लिट्सच्या नावावर: १ ऑगस्ट १९६४, न्यू जर्सीतलं ग्रेट मेडोज, ताशी २०१.३४ मैल. आकडा कमी, तारीख चार वर्षांनी उशिराची, तरी मान गार्लिट्सचा.

असं का झालं? एक कारण सगळे सांगतात: १९६० मध्ये बाकीच्या गाड्या जिथे होत्या, तिथून हा आकडा इतका पुढे होता की घड्याळावरच शंका आली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने, म्हणजे एनएचआरएने, १९५७ पासून सुमारे सहा वर्षं आपल्या स्पर्धांत नायट्रोला बंदी घातली होती. त्या काळात फक्त पेट्रोल. म्हणजे कॅरॅमेसिनीसचा वेग खरा होता की खोटा हा प्रश्न नंतरचा. देशातल्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या वहीत असा वेग लिहायला पानच नव्हतं.

गंमत अशी, की या वादात लाभ झालेल्या गार्लिट्सनेही आधी हाच अपमान भोगला होता. १९५७ च्या अखेरीस फ्लोरिडातल्या ब्रूक्सव्हिलला त्याने ताशी १७६.४० मैल गाठले. कॅलिफोर्नियातली मंडळी हसली. फ्लोरिडाच्या दलदलीतली घड्याळं खरी कशी असतील? त्याच्या नावाचा अपभ्रंश करून 'गार्बेज' म्हणजे कचरा असं त्याला म्हणायचे. १९५९ च्या मार्चमध्ये तो त्यांच्याच बेकर्सफील्डच्या स्पर्धेला गेला तेव्हा तिथे हरला, आणि हसणाऱ्यांना आणखी जोर चढला. पुढे त्याने जिंकलेल्या स्पर्धा मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. 'घड्याळ कोणाच्या गावातलं' हा प्रश्न त्या वेळी यंत्राचा नव्हता, इभ्रतीचा होता.

सहा सेकंदांचा किस्सा थोडक्यात. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये टॉमी आयव्होने पेनसिल्व्हेनियात ५.९७ सेकंद काढले. राष्ट्रीय स्पर्धा नव्हती. पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या ऑन्टेरिओला एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेत माइक स्नायव्हलीनेही ५.९७ काढले, आणि त्याच स्पर्धेत डॉन मूडीने ५.९१. आयव्हो आधी, स्नायव्हली राष्ट्रीय स्पर्धेत आधी, मूडी सर्वांत वेगवान. तिघांनाही 'पहिला' म्हणता येतं.

वेगाच्या आकड्यांचीही तीच गत. गाडीचा वेग शेवटच्या काही फुटांत मोजतात. आधी शेवटच्या रेषेच्या ६६ फूट अलीकडून ६६ फूट पलीकडपर्यंतची सरासरी घ्यायचे. १९८९ मध्ये पलीकडचे ६६ फूट काढून टाकले, कारण रेषा ओलांडल्यावरही पाय दाबून ठेवणाऱ्याला जास्त आकडा मिळायचा आणि थांबायला जागा कमी पडायची. अंतर बदललं, मापण्याची रीत बदलली, पण जुने आणि नवे आकडे लोक एकाच रांगेत लावतात. १,००० फुटांच्या ३.७ सेकंदांची पाव मैलाच्या ४.५ शी तुलना करणारे महाभाग मला कितीतरी भेटले.

हा सगळा प्रकार आपल्याला परका वाटू नये. १८ मे १९१२ रोजी मुंबईतल्या गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच ठिकाणी ३ मे १९१३ रोजी आला. तरी भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके. का, तर 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता, फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. तोरण्यांच्या बाजूने बोलणारे विचारतात, तारीख आधीची असताना या अटी नंतर कोणी आणल्या? ऑल्टन आणि ग्रेट मेडोजची भांडणं वाचताना मला वारंवार गिरगाव आठवलं.

या पार्श्वभूमीवर कॉन्कॉर्डच्या चार लेन पुन्हा पाहा. झीमॅक्स बांधला ब्रुटन स्मिथ यांनी. मोटर स्पीडवेच्या धंद्यातला हा बडा माणूस. २००७ मध्ये त्यांनी आपल्या स्पीडवेशेजारी ड्रॅग स्ट्रिप उभारायला घेतली तेव्हा आवाजाच्या तक्रारींमुळे कॉन्कॉर्डच्या नगर परिषदेने ती अडवली. स्मिथ म्हणाले, मग सगळा स्पीडवेच दुसरीकडे हलवतो. शहराने माघार घेतली, वर ८ कोटी डॉलरच्या सवलती देऊ केल्या आणि एका रस्त्याला स्मिथ यांचं नाव दिलं. २००८ मध्ये स्ट्रिप उघडली तेव्हा तिला काँक्रीटच्या चार लेन होत्या. कोणत्याही नियमावलीने चार लेन मागितल्या नव्हत्या. त्या आधी झाल्या, शर्यतीचे नियम नंतर आले.

हे नियम मला या सगळ्या कथेतली सर्वांत मजेची गोष्ट वाटतात. दोन लेनमध्ये एक जिंकतो, एक घरी जातो. चार लेनमध्ये पहिले दोघे पुढच्या फेरीत जातात. सोळा गाड्यांचे चार गट, त्यांतून आठ, आठांचे दोन गट, त्यांतून चार, आणि त्या चारांत अंतिम शर्यत. नेहमीच्या चार फेऱ्यांऐवजी तीन. ड्रायव्हरला स्वतःच्या दिव्यांबरोबर उरलेल्या तिघांची तयारी ध्यानात ठेवावी लागते, आणि कोण आधी रेषेवर येतो या खेळात नवे डावपेच शिरतात. जुने ड्रायव्हर याला नाकं मुरडतात. त्यांचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे: ड्रॅग रेस म्हणजे दोघांचं द्वंद्व. समोरच्याला हरवलं की हरवलं. चारांत दुसरा आलेला माणूस हरला की जिंकला? 'अमुक ड्रायव्हर तमुकाला किती वेळा भारी पडला' हा हिशोब मग कसा ठेवायचा?

आणि इथे हा सगळा वाद स्वतःवरच उलटतो. जी स्ट्रिप 'पहिली' म्हणून मिरवते, तिच्यावर अंतिम शर्यत सोडली तर पहिलं येण्याची गरजच नसते. दुसरं आलं तरी भागतं. २०१८ मध्ये लास व्हेगासच्या स्ट्रिपवरही चार लेनची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, म्हणजे आता 'जगात एकमेव' हा दावाही गेला. कॉन्कॉर्डकडे उरला फक्त 'पहिला'. तोही नीट बोलायचा तर 'एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेत, कायमस्वरूपी काँक्रीटच्या चार लेनवर, बाद फेऱ्यांच्या नियमांनी खेळलेला पहिला', इतका लांबलचक बोलावा लागतो. पण तेवढं लांब बोललं तर तो खरा आहे, आणि मुरॉकच्या धुळीत पळणाऱ्या पोरांवरही अन्याय होत नाही.

याच कसोटीवर मी पुढची प्रकरणं लिहिली आहेत. प्रत्येक 'पहिल्या' दाव्याला चार प्रश्न विचारले आहेत: जमीन कोणती, घड्याळ कोणाचं, नियम कोणाचे, आणि त्या दिवशी लिहून ठेवायला कोण होतं? बऱ्याचदा शेवटच्या प्रश्नावर दावा कोसळला किंवा टिकला. मासिकं कॅलिफोर्नियात निघत होती. जानेवारी १९४८ चा 'हॉट रॉड'चा पहिला अंक तिथलाच. ज्या गावात छापखाना होता, त्या गावाला इतिहासात जास्त जागा मिळाली. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'च्या नावाने पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. तिथली पोरं आज ज्या वेळा नोंदवतात, त्यांच्या स्लिपा कोणी जपून ठेवल्या नाहीत तर तीस वर्षांनी इथेही हेच भांडण होईल, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

वाचकांना एकच विनंती. या पुस्तकात 'पहिला' हा शब्द कुठेही भेटला तर तिथे थांबा, आणि त्याच्या आधी-नंतर काय लिहिलंय ते नीट वाचा. मी तो शब्द एकटा कुठेही वापरलेला नाही. चुकून वापरला असेल, तर ती चूक माझी समजा आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढा.